ॲम्प्लिफायरची घूं: जुलै ते सप्टेंबर

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात मी ग्रंथपाल आहे. वाचनालय ‘ड’ वर्गाचं, खोली सरकारी मालकीची, वर पत्रा. इलेक्ट्रॉनिक्सशी माझा संबंध टीव्हीच्या रिमोटपुरता. तरीही ॲम्प्लिफायरमधला घूं आवाज घालवण्याचं काम माझ्याकडं आलं आणि सप्टेंबरमध्ये ते बऱ्यापैकी पार पडलं. शाळा, मंदिरं, भजनी मंडळं यांच्याकडं असेच गावात जोडलेले सेट असतात आणि बहुतेक सगळे घुमतात. म्हणून जे घडलं ते खर्चासकट लिहून ठेवते.

ॲम्प्लिफायर छोटाच. टीडीए 2030 या आयसीचे (आवाज वाढवणाऱ्या चिपचे) दोन चॅनेल, बास-ट्रेबलचा बोर्ड, 12-0-12 चा (दोन टोकांना 12-12 व्होल्ट, मधलं टोक शून्याचं) तीन अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, सगळं एका पत्र्याच्या डब्यात. गावातल्याच एका मेकॅनिकनं काही वर्षांपूर्वी बनवून दिलेला. भाषणाला तो चालायचा, कारण भाषण करणारा थांबतच नाही. पण यंदा 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, आम्हाला रेकॉर्डिंग ऐकवायचं होतं. 1948 साली लहान असलेल्या, आता नव्वदीच्या आसपास पोचलेल्या माणसांच्या आठवणी आम्ही मोबाइलवर घेतल्या होत्या. एक आजी रझाकारांच्या भीतीनं शेतात काढलेल्या रात्रीबद्दल बोलताना मध्येच कितीतरी वेळ गप्प होतात. त्या गप्प झाल्या की स्पीकरमधून नुसती घूं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात समितीला ऐकवून बघितलं, तर अध्यक्ष म्हणाले, “मॅडम, हे कामून एवढं घुमायलंय? आजीपेक्षा मशीनच जास्त बोलायलीय.”

पहिला उपाय सगळीकडं ठरलेला असतो: फिल्टर कंडेन्सर (विजेची लहर सपाट करणारे) गेले, बदला. मेकॅनिकनंही तेच सांगितलं. 4700 मायक्रोफॅराड, 35 व्होल्टचे दोन नग, प्रत्येकी 60 रुपये, मजुरी 150. पक्कं बिल मिळणार नव्हतं, म्हणून कोषाध्यक्ष गुरुजींनी व्हाउचरवर मेकॅनिकची सही घ्यायला लावली. जुने कंडेन्सर 1000 मायक्रोफॅराडचे निघाले आणि त्यांची डोकी फुगलेली होती. आमच्या खोलीत एप्रिल-मेमध्ये दुपारी हात लावू तिथं चटका बसतो. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचं तापमान दर 10 अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं असा ठोकताळा आहे. ते वाळले यात नवल नव्हतं.

कंडेन्सर बदलल्यावर आवाज कमी झाला, पण गेला नाही. आधी घूं आणि घरघर अशी दोन्ही होती, आता घरघर गेली आणि गोल, सलग घूं उरली. मेकॅनिक म्हणाला, “ताई, एवढा तर राहतोच.” पुढं ट्रान्सफॉर्मर बदलून बघू, मग आयसी बदलू, असा त्याचा बेत होता. त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. पण प्रत्येक ‘बदलून बघू’ला मासिक सभेचा ठराव लागणार होता, आणि काय बिघडलंय हे कळल्याशिवाय पैसे मागायला मला लाज वाटत होती.

इथं आमचा एक वाचक कामी आला. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक ट्रेडला आहे, संध्याकाळी पेपर वाचायला येतो. त्यानं आधी नुसतं ऐकलं. मोबाइलवर आवाजाचा आलेख दाखवणारं एक फुकट ॲप लावलं. 50 हर्ट्झवर उंच सुळका, 100 वर त्याहून बुटका, 150 वर आणखी छोटा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. डायोडमधून दोन्ही बाजू सरळ झाल्यावर सप्लायवर, म्हणजे आतल्या डीसी विजेवर, जी लहर उरते ती दुप्पट, म्हणजे 100 ची. म्हणून मुख्य सूर 100 चा असेल तर बोट सप्लाय आणि त्याच्या परतीच्या वायरींकडं, आणि 50 चा असेल तर बाहेरचं वायरिंग, अर्थिंग किंवा ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र. ॲप नसेल तर पेटीवरही हे जमतं. आमच्या समितीतले पेटीवाले काका ऐकून लगेच म्हणाले, “खर्जातली पांढरी पाच, जराशी चढी.” हिशेब बरोबर होता: तो स्वर 98 हर्ट्झचा, त्याच्या खालचा 49 चा. मात्र बारक्या स्पीकरमधून 50 चा सूर नीट बाहेरच पडत नाही, वरचा 100 च कानाला लागतो. तेव्हा नुसत्या कानावर निकाल देऊ नये.

मग आवाज कुठून आत शिरतो याची विभागणी सुरू झाली. हा सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. व्हॉल्यूम शून्यावर आणला तर घूं थोडी उतरली, पण बरीचशी तशीच राहिली. जी उतरली ती व्हॉल्यूमच्या अलीकडून, म्हणजे इनपुटच्या बाजूनं येत होती. जी राहिली ती पलीकडची, डब्याच्या आतली. मग इनपुटची वायर काढली आणि तिथं शॉर्टिंग प्लग घातला. साधा आरसीए प्लग (टीव्ही-डीव्हीडीच्या वायरीला असतो तो गोल) घ्यायचा, मधली पिन आणि बाहेरची कडी सोल्डरनं एकमेकींना जोडायची, झाला. दोन प्लगांचे 30 रुपये. हा घातल्यावर बाहेरून काहीच आत येऊ शकत नाही. आता व्हॉल्यूम कितीही फिरवला तरी आवाज तेवढाच राहिला. म्हणजे आमच्याकडं चोर दोन होते, एक घरातला आणि एक बाहेरचा. ट्रान्सफॉर्मर किंवा आयसी बदलून यातला बाहेरचा कधीच सापडला नसता.

झाकण उघडायच्या आधी एक सांगते. प्लग काढला तरी मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज उरलेली असते. त्या आयटीआयच्या पोरानं मूठ असलेल्या दोन वायरींमध्ये 100 ओम, 5 वॉटचा रेझिस्टर बांधून आधी ती उतरवली, मीटरनं शून्य बघितलं, मगच हात घातला. ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक बाजूला पूर्ण 230 व्होल्ट असतात. ज्यांना सवय नाही त्यांनी तिथं जाऊ नये. मी स्वतः शेवटपर्यंत टेबलाच्या अलीकडंच बसले, वही घेऊन.

आत ग्राउंडची वायर (सगळ्या भागांची शून्य व्होल्टची, करंट परत जाण्याची वाट) साखळीसारखी फिरवलेली होती. ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टोकापासून बास-ट्रेबल बोर्डाला, तिथून व्हॉल्यूमला, तिथून आयसीच्या बोर्डाला, आणि कंडेन्सरचं ग्राउंड सगळ्यात शेवटी. त्यानं मला समजावलं ते असं. कंडेन्सर सतत भरत नाही, सेकंदाला शंभर वेळा झटक्याझटक्यानं भरतो. तो प्रत्येक झटका ग्राउंडच्या वायरीतून परत जातो. वायर म्हटली की थोडा का होईना विरोध आलाच. 0.2 चौरस मिलिमीटरच्या 10 सेंटिमीटर वायरीचा विरोध जवळपास 0.009 ओम. एक अँपिअरचा झटका गेला की तिच्या दोन टोकांत 9 मिलिव्होल्टचा फरक. नेमकी तीच वायर सिग्नलचंही ग्राउंड असेल तर हा फरक आयसीला गाण्यासारखाच वाटतो. आमच्या बोर्डावर 22 किलोओम आणि 680 ओम अशी रेझिस्टरची जोडी आहे, म्हणजे आवाज सुमारे 33 पट वाढतो. स्पीकरवर 0.3 व्होल्ट झाले. शांत खोलीत तेवढे पुष्कळ. एकाच पाइपवर दोन घरांचे नळ असले आणि खालच्यानं तोटी उघडली की वरच्याची धार हलते, तसं हे आहे.

उपाय वायरी बदलण्याचा. दोन्ही फिल्टर कंडेन्सर जिथं एकमेकांना भेटतात त्या जोडाच्या शेजारी तांब्याच्या जाड तारेचा एक ठिपका केला. ट्रान्सफॉर्मरचं मधलं टोक आधी कंडेन्सरांच्या जोडाला, आणि तिथून आखूड तुकड्यानं त्या ठिपक्याला. मग स्पीकरचं परतीचं टोक, आयसी बोर्डाचं ग्राउंड, टोन (बास-ट्रेबल) बोर्डाचं ग्राउंड, प्रत्येकाची स्वतंत्र वायर ठिपक्यापर्यंत. व्हॉल्यूमकडं जाणारी साधी वायर काढून शिल्डेड, म्हणजे भोवती जाळी असलेली, घातली (35 रुपये मीटर) आणि तिची जाळी एकाच टोकाला जोडली. व्हॉल्यूमच्या खुंटीला बोट लावलं की घूं कमी व्हायची, कारण त्या पॉटचं (खुंटीनं फिरणाऱ्या रेझिस्टरचं) धातूचं कवच कशालाच जोडलेलं नव्हतं. कवच कानशीनं घासल्याशिवाय सोल्डर धरत नाही, ते घासून वायर दिली. टीडीए 2030 च्या पाठीचा पत्रा आतून निगेटिव्ह सप्लायला जोडलेला असतो. त्यामुळं हीटसिंक (आयसी थंड ठेवणारा जाड पत्रा) डब्याला टेकत असेल तर मध्ये अभ्रकाची चकती हवीच. आमच्याकडं ती होती, पण फाटलेली. 5 रुपये.

शेवटी ट्रान्सफॉर्मर. आधी प्लग काढायचा, त्याचे स्क्रू सैल करून तो थोडा फिरवायचा, प्लग पुन्हा लावून ऐकायचं. चौकोनी पट्ट्यांच्या ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र एका दिशेनं जास्त सांडतं. 90 अंशांत फिरवून टोन बोर्डापासून लांबच्या कोपऱ्यात नेल्यावर उरलेली घूं कान लावल्याशिवाय ऐकू येईना. जुलैचा तिसरा आठवडा होता, बाहेर झड लागलेली. मी गुरुजींना फोन करून सांगितलं की काम झालं.

झालं नव्हतं. लॅपटॉप जोडला आणि घूं परत आली. वर बारीक चिरचिरही. लॅपटॉपचा चार्जर काढला, बॅटरीवर चालवला, तर सगळं शांत. तो बाहेरचा चोर हा. त्याच वेळी माझ्या मनगटाला लॅपटॉपच्या कडेवर मुंग्या आल्या. हे मला वर्षानुवर्षं जाणवत होतं आणि मी ते पावसाळी दमटपणावर ढकललं होतं. पोरानं मीटर लावला: न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात शंभराच्या वर व्होल्ट. तीन पिनांच्या चार्जरमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून अर्थकडं जाणारे बारीक कंडेन्सर असतात. अर्थ जमिनीला पोचलेलाच नसेल तर चार्जरचा अर्थ मधल्यामधे, सुमारे 115 व्होल्टवर लटकत राहतो. करंट अगदी थोडा, पण मुंग्या येण्याइतका आणि ॲम्प्लिफायर घुमवण्याइतका. वायरमनला बोलावलं. त्यानं फेज आणि अर्थमध्ये टेस्ट लॅम्प लावला, तो पेटलाच नाही. स्विचबोर्ड उघडला तर हिरवी वायर मागं गुंडाळून कोंबलेली. इमारतीला अर्थिंगचा खड्डाच नव्हता.

इथून पुढचं प्रकरण तांत्रिक कमी आणि कागदी जास्त. खोली आमची नाही, म्हणजे आवारात खड्डा करायला परवानगी हवी. 29 जुलैला अर्ज दिला. आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच घेतली. ही पोच जपा, नंतर सगळं तिच्यावरच चालतं. आठवड्यानं समजलं की अर्ज बांधकामाच्या टेबलावर गेला आहे आणि खड्डा नेमका कुठं, याचा हातनकाशा जोडलेला नाही. नकाशा दिला. मग 15 ऑगस्टची गडबड, मग सही करणारे साहेब प्रशिक्षणाला. मला राग यायचा तो उशिराचा नव्हता. रोज बारकी पोरं त्या खोलीत पंख्याच्या बटणाला हात लावत होती त्याचा होता. अर्जात मी ‘ॲम्प्लिफायरचा आवाज’ असं कारण लिहिलं होतं. दुसऱ्या पत्रात ‘विद्युत सुरक्षितता, बालवाचक’ असं लिहिल्यावर कागद लवकर हलला. तुम्ही पहिल्यांदाच तसं लिहा, ते खरंही आहे. 27 ऑगस्टला परवानगी मिळाली.

दरम्यान तीन दरपत्रकं घेऊन ठेवली होती: 6,500, 5,200 आणि 4,800. सर्वात कमी दराचं मासिक सभेत मंजूर झालं. गुरुजींनी दोन अटी घातल्या: पैसे धनादेशानं, आणि परवानाधारक ठेकेदाराच्या लेटरहेडवर चाचणीचा आकडा. ऑडिटसाठी त्या अटी होत्या, पण फायदा आम्हालाच झाला. अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा-मिठाचे थर, वर पाणी घालायला फनेल आणि सिमेंटचा चौकोन. काळी माती पावसानं मऊ झालेली, अर्ध्या दिवसात खड्डा झाला. अर्थ टेस्टरवर 3.4 ओम आले. ठेकेदार खूश. मला तो आकडा पुरता पटलेला नाही, कारण भिजलेल्या काळ्या मातीत तो चांगला येणारच. हीच माती मेमध्ये हातभर भेगा पाडते आणि पाइपापासून सुटते. खरी परीक्षा तेव्हाची. ठेकेदाराकडून मेमधलं एक मोजमाप फुकट करून देण्याचं लिहून घेतलंय, आणि उन्हाळ्यात दर आठवड्याला फनेलात घागरभर पाणी घालायचं शिपाईमामांच्या कामात नोंदवलंय.

अर्थ आल्यावर मुंग्या थांबल्या, न्यूट्रल-अर्थमधला फरक दोन व्होल्टांच्या आत आला, चिरचिर गेली. आणि एक हलकी घूं नव्यानं जन्माला आली. आता लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर दोघंही अर्थला जोडलेले, वर ऑडिओ वायरीनं एकमेकांनाही. मोठं वर्तुळ झालं, त्यात करंट फिरायला मोकळा. याला ग्राउंड लूप म्हणतात. गावोगावचे साउंडवाले अशा वेळी प्लगची अर्थची पिन काढून टाकतात. घूं जाते हे खरं. पण आत एखादी फेज वायर डब्याला टेकली तर माइक धरणाऱ्याच्या जिवावर बेततं. हे कधीही करू नका, कुणी केलेलं दिसलं तर थांबवा.

आम्ही आधी दोन्ही प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डात घेतले. वर्तुळ लहान झालं, घूं निम्म्यावर आली, खर्च शून्य. मग डब्याच्या आत बदल: पत्र्याचा डबा थेट अर्थला, पण ऑडिओचा तो ग्राउंडचा ठिपका डब्याला 10 ओमच्या रेझिस्टरमधून, त्याला समांतर 0.1 मायक्रोफॅराडचा कंडेन्सर आणि उलटसुलट जोडलेले दोन जाड डायोड. लूपच्या बारीक करंटला 10 ओम अडवतात. आत काही शॉर्ट झालंच तर मोठा करंट डायोडमधून अर्थकडं निघून जातो. यासाठी इनपुटची सॉकेटं डब्याला टेकता कामा नयेत, त्यांना प्लास्टिकच्या चकत्या लावल्या. सगळं मिळून 40 रुपयांच्या आत. हे नांदेडहून आणावं लागलं. पूर्णामार्गे रेल्वेनं जायला-यायला तिकिटाचे पैसे सामानापेक्षा जास्त झाले. ते मी माझ्याच खिशातून घातले, कारण चाळीस रुपयांच्या खरेदीला प्रवासखर्च लावला असता तर गुरुजींनी ठराव मागितला असता.

ज्यांना डबा उघडायचाच नाही त्यांच्यासाठी ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरची छोटी डबी मिळते. आम्ही 280 रुपयांची मागवून लॅपटॉपच्या वायरीत घालून बघितली. लूप तुटतो, घूं जाते. स्वस्त डबीत खालचे सूर थोडे पातळ होतात. माणसाच्या बोलण्याला काही फरक पडत नाही, पखवाजाला पडतो. आता ती आम्ही बाहेरून पाहुणे स्वतःचा लॅपटॉप घेऊन येतात तेव्हा वापरतो.

17 सप्टेंबरला सकाळी झेंडावंदनानंतर रेकॉर्डिंग लावलं. आजी थांबल्या तेव्हा पंख्याचा आवाज ऐकू आला. पंखाही बंद करा, असं कुणीतरी पुढून सांगितलं.

एक गोष्ट अजून उरली आहे. वीज गेली की आम्ही इन्व्हर्टरवर जातो, आणि तो जुना, स्क्वेअर वेव्हचा आहे. त्याच्या चौकोनी लहरीत वरच्या सुरांचा भरणा असतो, त्यामुळं तेवढा वेळ ॲम्प्लिफायर घूं न करता घर्र करतो. वायरिंग कितीही सुधारलं तरी ते पूर्ण जात नाही. साइन वेव्ह इन्व्हर्टरची दरपत्रकं मागवून ठेवली आहेत, अनुदानाचा पुढचा हप्ता आला की सभेपुढं ठेवीन. तोपर्यंत लोडशेडिंगमध्ये रेकॉर्डिंग लॅपटॉपच्याच स्पीकरवर लावतो आणि खुर्च्या पुढं ओढतो.